सायकलचा मीटर बंद पडला? आधी चुंबक बघा

हँडलवरच्या मीटरवर शून्य दिसायला लागलं की लोक एकतर सेल बदलतात, नाहीतर सरळ नवा मीटर घेतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. तारेवर चालणारा साधा सायकल मीटर इतक्या कमी भागांचा असतो की तो बिघडण्याच्या जागा बोटांवर मोजता येतात. त्यातल्या निम्म्या जागी एक रुपयाही खर्च येत नाही.

या यंत्राला वेग कळत नाही, अंतरही कळत नाही. त्याला कळते फक्त टिक. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर चुंबक बसवलेलं असतं आणि चिमट्यावर, म्हणजे फोर्कवर, सेन्सर. सेन्सरच्या आत रीड स्विच असतो: काचेच्या बारीक नळीत चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या धातूच्या दोन पात्या, टोकाशी केसभर अंतर ठेवून. चुंबक जवळून गेलं की पात्या चिकटतात, पुढे सरकलं की सुटतात. बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवुड यांनी हा स्विच १९३६ साली शोधला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. आज घराच्या दारावरच्या चोरघंटीतही तोच असतो.

चाकाच्या एका फेरीला एक टिक. प्रत्येक टिकेला मीटर तुम्ही भरलेला चाकाचा घेर अंतरात मिळवतो आणि दोन टिकांमधल्या वेळेवरून वेग काढतो. बाकी सगळी आकडेमोड याच दोन गोष्टींची. त्यामुळे मीटर चुकत असेल तर टिका गळताहेत, जास्त पडताहेत किंवा घेर चुकीचा भरलाय, याखेरीज कारण क्वचितच सापडतं.

बिघाड कुठे आहे ते शोधणं

हत्यारं काढायच्या आधी सायकलचं पुढचं चाक उचलून हळू फिरवा आणि चुंबक सेन्सरसमोरून कसं जातंय ते पाहा. खड्डे आणि स्पीडब्रेकर यांच्या धक्क्यांनी चुंबकाचा स्क्रू सैल होतो. मग ते स्पोकवरून खाली घसरतं किंवा स्पोकभोवती फिरून तोंड दुसरीकडे करतं. फट किती हवी? बहुतेक मीटरना ५ मिलिमीटरच्या आत चालते, पण स्वस्त मीटरबरोबर येणारं चुंबक लहान असतं, तिथे ३ मिलिमीटर धरा. मोजायला फूटपट्टी नको. जुना २०३२ नंबरचा बटण सेल फटीत धरा. त्याची जाडी नेमकी ३.२ मिलिमीटर असते, नावातला '३२' त्याचाच. सेल चुंबकाला चिकटेल, चिकटू द्या, माप तेच राहतं.

चुंबक जागेवर असेल तर पुढची तपासणी मीटरपासून सुरू करून सेन्सरकडे जात करायची, उलटी नाही. मीटर हँडलवरच्या पट्टीवरून, म्हणजे तो ज्यात अडकवतात त्या बैठकीवरून, काढा. त्याच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके असतात. पेपर क्लिप सरळ करून इंग्रजी यूसारखी वाकवा आणि दोन्ही ठिपक्यांना एकदम टेकवा, उचला, टेकवा, उचला. सेकंदाला दोन वेळा असं केलं आणि घेर २१०० मिलिमीटर भरलेला असेल, तर पडद्यावर ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेग दिसला पाहिजे. दिसला तर मीटर ठणठणीत आहे. नाही दिसला तर दोष सेलचा किंवा पडद्यामागच्या रबरी पट्टीचा (तिच्याबद्दल पुढे), तार-सेन्सर उगाच उसवू नका. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी न करता तार बदलणारे पुष्कळ आहेत.

मीटर ठीक असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे त्याची दोन टोकं विजेने जोडली गेली की वाजणाऱ्या 'बीप'वर लावा. हँडलवरच्या पट्टीत जे दोन पत्र्याचे काटे आहेत त्यांना मल्टिमीटरची टोकं टेकवा आणि चाक फिरवा. प्रत्येक फेरीला एक बीप आला तर तार आणि सेन्सर दोन्ही नीट. दोष फक्त ठिपके आणि काटे यांच्या स्पर्शात आहे. ठिपके खोडरबरने घासा, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, काटे टाचणीने अगदी थोडे वर उचला. पत्रा पातळ असतो, दोनदा वाकवला तर तुटतो.

बीप येत नसेल तर तार तुटली आहे किंवा रीड गेला आहे. हे वेगळं करायला चुंबक बरोबर सेन्सरसमोर येईल असं चाक थांबवा, म्हणजे रीड बंद राहील. आता दोन बारीक टाचण्या तारेच्या दोन्ही पदरांत टोचा, एक एका पदरात, दुसरी दुसऱ्यात, आणि त्यांवर मल्टिमीटर धरा. पहिल्यांदा सेन्सरजवळ टोचा. तिथेच बीप नसेल तर रीड मेलेला, किंवा तार सेन्सरच्या तोंडाशीच तुटलेली. बीप असेल तर वर सरकत जा. जिथून पुढे बीप बंद होतो, तिथे तुटलंय. टोचलेल्या भोकांवर शेवटी नेलपॉलिशचा थेंब द्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.

तार वरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. तुटायच्या तिच्या आवडत्या जागा तीन: हँडल वळतं तिथली वळणाची जागा, केबल टाय फार आवळून बांधलेली जागा, आणि सेन्सरमधून बाहेर पडते ते तोंड. पुढे सस्पेन्शन असेल तर चौथी जागा म्हणजे चिमटा दाबला गेल्यावर जिथे तार ताणली जाते ती. चाक सरळ असताना मीटर चालतो आणि वळणावर शून्य होतो, अशी लक्षणं दिसली तर टाचण्यांचीही गरज नाही. पहिली जागाच बघा.

तार जोडताना

तुटलेली जागा सरळ भागात असेल तर तिथेच जोडता येते. हँडलच्या वळणावर असेल तर मात्र तिथे सांधा ठेवू नका. सोल्डर तारेच्या बारीक धाग्यांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि त्या कडक भागाच्या कडेशीच तार पुन्हा तुटते. अशा वेळी वळणाचा १५ सेंटीमीटर तुकडा कापून काढा, नवी तार घाला आणि दोन्ही सांधे सरळ भागात आणा.

नवी तार म्हणून जुन्या माउसची केबल उत्तम, तिच्या आतल्या पदरांपैकी दोन पुरतात आणि ती लवचीक असते. इअरफोनची तार टाळा. तिच्या धाग्यांवर वार्निशचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि आत बारीक दोराही असतो. अर्धा तास खर्च करून शेवटी तीच तार फेकून द्यावी लागते.

दोन्ही टोकांची साल ८ ते १० मिलिमीटर काढा. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, जोडायच्या आधी तारेत ओवा, हे शंभरदा सांगूनही जोडल्यावरच आठवतं. दोन्ही पदरांचे सांधे समोरासमोर नकोत, एक दुसऱ्यापेक्षा १५ मिलिमीटर पुढे ठेवा, म्हणजे स्लीव्ह फाटली तरी ते एकमेकांना टेकणार नाहीत. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) बारीक सोल्डर पुरतं. प्रत्येक टोकाला आधी स्वतंत्रपणे सोल्डर पाजा, मग पीळ देऊन एकदा गरम करा. प्रत्येक पदरावर २ मिलिमीटरची स्लीव्ह, दोन्हींवर मिळून ४ मिलिमीटरची. कोणता पदर कुठे जोडायचा याची चिंता नको. रीड हा नुसता स्विच आहे, त्याला अधिक-उणे नसतं.

बांधताना तार पुढच्या ब्रेकच्या केबलभोवती सैल वेटोळी देत खाली न्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ताण दिसला तर वरून थोडी तार सोडा. सस्पेन्शन असेल तर त्याच्या पूर्ण दाबाएवढी ढील हवी. केबल टाय तार हलणार नाही इतपतच ओढायचा, ती चेपेल इतका नाही. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर डिस्क डाव्या बाजूला असते, म्हणून सेन्सर चिमट्याच्या उजव्या पायावर घ्या.

रीड बदलायचा असेल तर

आधी वेगळा करून तपासा. उघड्या रीडजवळ चुंबक नेलं की शांत खोलीत अगदी बारीक 'टिक' ऐकू येते. ऐकू येत नसेल किंवा काचेला तडा असेल तर तो गेला. कधी पात्या कायमच्या चिकटून बसतात. मग मल्टिमीटर चुंबकाशिवायही बीप देत राहतो आणि मीटर शून्यावरच राहतो, कारण त्याला हवी असते उघडझाप.

१४ मिलिमीटर काचेचा, साधारण २ मिलिमीटर जाडीचा 'नॉर्मली ओपन', म्हणजे चुंबक नसताना उघडा राहणारा, रीड घ्या. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात तिथे मागितला की मिळतो. दोन-चार जास्त घ्या, कारण पहिला हमखास फुटतो. रीडचे पाय, म्हणजे दोन्ही टोकांच्या तारा, वाकवताना काच आणि वाकवायची जागा यांच्यामध्ये पाय पक्कडीने धरा आणि काचेपासून निदान ३ मिलिमीटर सोडून वाकवा. पक्कड नसताना बोटाने वाकवलं की सगळा जोर काचेच्या तोंडावर येतो.

कंपनीचा सेन्सर बहुधा चिकटवून बंद केलेला असतो. हॅक्सॉच्या पात्याने तो शिवणीवर चिरता येतो, पण खरं तर नवं घर करणं सोपं. रीड आधी मऊ सिलिकॉनच्या किंवा हीट श्रिंकच्या सैल नळीत घाला, मग ती नळी रिकाम्या बॉलपेनच्या कापलेल्या तुकड्यात ठेवून तोंडं इपॉक्सीने बंद करा. रीडवर थेट इपॉक्सी ओतायचा मोह होतो. इपॉक्सी सुकताना आवळतं आणि काच तडकते.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. चुंबक रीडच्या बरोबर मध्यावरून जावं असं वाटतं, पण चुंबकाचा ध्रुव थेट रीडच्या मध्याकडे तोंड करून असेल तर दोन्ही पात्यांवर सारखाच परिणाम होतो आणि त्या चिकटतच नाहीत. थोडं वर किंवा खाली, एका टोकाकडे, चिकटतात. म्हणूनच तयार सेन्सरवर बाणाची किंवा रेघेची खूण असते आणि ती मध्यावर नसते. घरी केलेल्या सेन्सरवर ही खूण स्वतः शोधायची: मल्टिमीटर बीपवर ठेवून चुंबक वेगवेगळ्या उंचीवरून आडवं न्या, जिथे एका वेळी एकच स्वच्छ बीप येतो तिथे मार्करने रेघ मारा. दोन बीप येणाऱ्या उंचीवर चुंबक बसवलं तर मीटर दुप्पट वेग दाखवतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ताशी ४४ दिसायला लागले की कारण बहुधा हेच.

हरवलेल्या चुंबकाऐवजी नियोडिमियमची गोल चकती लावणारे खूप आहेत. चालते, पण ती फार जोरदार असते, त्यामुळे तिच्याने दुहेरी टिका पडण्याची शक्यता जास्त. ती लावली तर फट ६-८ मिलिमीटरपर्यंत वाढवा आणि वरची खूण नव्याने शोधा. तिच्यावरचा निकेलचा मुलामा उडाला की पावसात ती गंजून भुगा होते, म्हणून बसवल्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या.

चुंबक हबपासून जवळ की रिमजवळ, यावर अंतराचं माप अवलंबून नसतं. फेरी एकच, टिकही एकच. पण वेगात टिका गळत असतील तर चुंबक आणि सेन्सर दोन्ही हबकडे सरकवा. कारण साधं आहे. ७०० × ३५ (टायरवर लिहिलेलं माप) च्या चाकावर ताशी ३० ने जाताना अक्षापासून २० सेंटीमीटरवरचं चुंबक सेकंदाला साधारण ४.८ मीटर वेगाने सेन्सरसमोरून जातं. दीड सेंटीमीटरच्या पट्ट्यात रीड बंद राहतो असं धरलं तर त्याला मिळतात जेमतेम ३ मिलिसेकंद. तेच चुंबक ८ सेंटीमीटरवर आणलं तर जवळपास ८ मिलिसेकंद. शिवाय हबजवळ स्पोक बाहेर झुकलेले असल्याने फटही आपोआप कमी होते.

सेल आणि पाऊस

सेल बदलण्याआधी एकूण किलोमीटर आणि घेर लिहून ठेवा. स्वस्त मीटरमध्ये सेल निघाला की दोन्ही पुसले जातात. घेराचा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवणं हा उत्तम उपाय.

नवा २०३२ कशालाही न जोडता मोजला तर ३ व्होल्टच्या वर दाखवतो. २.८ च्या खाली गेला की अंकांचे तुकडे फिके होऊ लागतात. छोट्या मीटरमध्ये एलआर ४४ असतो. त्याऐवजी त्याच मापाचा एसआर ४४ घातला तर तो थोडा महाग, पण त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो. काही मीटरमध्ये सायकल लावताना चुंबक नेमकं सेन्सरसमोर थांबलं तर रीड रात्रभर बंद राहतो आणि सेल लवकर उतरतो. सायकल लावल्यावर चाक हातभर पुढे ढकलण्याची सवय फुकटची आहे.

सेल नवा असूनही अंकांच्या काही रेघा गायब असतील तर मीटर उघडा. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये रबरासारखी पट्टेरी पट्टी असते, तीच बोर्डाकडून काचेकडे सिग्नल नेते. ती आणि बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोलने पुसा, पट्टी होती तशीच बसवा, स्क्रू चारही बाजूंनी थोडे-थोडे आवळा. मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलचा पडदा पूर्ण काळा झाला तर मात्र काही उघडू नका, सावलीत थंड झाला की बहुधा पूर्ववत होतो.

पावसाळ्यात ठिपके आणि काटे यांच्यामध्ये पाणी राहतं. त्याने एकतर हिरवा थर धरतो किंवा पाण्यातून खोटा स्पर्श होऊन मीटर चुकीचे किलोमीटर दाखवतो. जूनच्या सुरुवातीला ठिपके साफ करून त्यांवर व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा. स्पर्शाच्या जागी काटा ते बाजूला सारतो, कडेला मात्र ते पाणी अडवतं. ऑफिसात पोचल्यावर मीटर काढून खिशात ठेवणं जास्त परिणामकारक, आणि चोरीचाही प्रश्न मिटतो.

बिनतारी मीटरबद्दल एवढंच: त्यांच्या सेन्सरला वेगळा सेल असतो आणि लोक तो विसरतात. हँडलवर स्वस्त एलईडी टॉर्च लावला की वेग नाचायला लागला, तर टॉर्च आणि मीटर एकमेकांपासून लांब लावा. टॉर्चच्या सर्किटची खरखर साध्या रेडिओ सिग्नलमध्ये मिसळते.

घेर: इथे आळस केला तर पुढची सगळी नोंद खोटी

अनेक स्वस्त मीटर डब्यातून निघतात तेव्हा त्यांत २०६० भरलेलं असतं. ७०० × ३५ च्या टायरचा घेर साधारण २१६८. हा बदल केला नाही तर दर दहा किलोमीटरला मीटर साडेनऊच दाखवतो. वर्षभर रोज वीस किलोमीटर चालवणाऱ्याचे महिनाभराच्या फेऱ्यांपैकी बरेच किलोमीटर असेच हवेत जातात.

नेहमीच्या टायरांचे आकडे असे धरतात: २६ × १.९५ ला २०५०, २७.५ × २.१ ला २१४८, २९ × २.१ ला २२८८, लहान २० × १.७५ ला १५१५. पण 'छब्बीस'च्या सायकली दोन जातीच्या असतात. गिअरच्या सायकलचं रिम ५५९ मिलिमीटरचं, तर २६ × १⅜ च्या साध्या सायकलचं ५९०. आणि काळ्या, उभ्या 'अठ्ठावीस'च्या सायकलला ७०० चा आकडा कधीही भरू नका. तिचं रिम ६३५ मिलिमीटरचं, ७०० चं ६२२. फरक व्यासातला १३ मिलिमीटर, घेरात ४० च्या वर. टायरच्या कडेला ३७-६२२ अशी जोडी उठवलेली असते, त्यातला दुसरा आकडा रिमचा. तोच वाचा, इंचांवर विसंबू नका.

सूत्रानेही काढता येतो: रिम अधिक दोनदा टायरची रुंदी, गुणिले ३.१४. ३७-६२२ साठी, म्हणजे ७०० × ३५ साठी, हे येतं २१८५, म्हणजे वर दिलेल्या २१६८ पेक्षा १७ मिलिमीटर जास्त. कारण बसल्यावर टायर दबतं, हे सूत्राला माहीत नसतं.

म्हणून प्रत्यक्ष मोजा. नेहमीएवढी हवा भरा. पुढच्या चाकाच्या टायरवर ओल्या गेरूचा छोटा ठिपका लावा. सेन्सर ज्या चाकावर आहे त्याच चाकावर, हे विसरू नका. नेहमीची बॅग पाठीवर घेऊन सायकलवर बसा आणि सोसायटीच्या सिमेंटच्या जागेत सरळ रेषेत हळू चालवत जा. गेरू दर फेरीला एक ठसा उमटवेल. पहिल्या आणि चौथ्या ठशातलं अंतर टेपने मोजून तीनने भागा. ६ मीटर ५१ सेंटीमीटर आलं तर घेर २१७०. सायकल डुलत गेली तर ठसे एका रेषेत येत नाहीत, मग पुन्हा करा. टायर बदलल्यावर हे परत करायचं, ट्यूब बदलल्यावर नाही.

रोजच्या फेऱ्यांची नोंद

अंतर मीटरचं घ्या, नकाशा फोनचा. दोघांना एकमेकांचं काम देऊ नका. फोनचा जीपीएस साधारण दर सेकंदाला एक बिंदू टिपतो. ताशी १८ ने जाताना दोन बिंदूंमध्ये ५ मीटर, आणि मधली रेघ सरळ धरली जाते. म्हणजे वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. उलट सिग्नलला उभं असताना बिंदू काही मीटर इकडेतिकडे भटकतात आणि अंतर वाढतं. उंच इमारतींच्या गल्लीत आणि उड्डाणपुलाखाली हे जास्त. दोन्ही चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी नाही, आणि कोणत्या दिवशी काय झालं ते सांगता येत नाही. नीट मोजलेला घेर भरलेला मीटर चुकला तरी रोज तेवढाच चुकतो.

फोनवर नोंद मध्येच तुटत असेल तर ॲपला दोष देण्याआधी अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बंधनं काढा. पडदा बंद झाल्यावर फोन पार्श्वभूमीतली ॲप झोपवतो, आणि नकाशावर घरापासून ऑफिसपर्यंत एकच सरळ रेघ दिसते. ओपनट्रॅक्स आणि ओएसएमअँड ही ॲप नोंद फोनमध्येच ठेवतात आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेच्या बिंदूंची फाइल, काढून देतात. स्ट्रावा या फेऱ्या नोंदवून इतरांना दाखवायच्या ॲपमध्ये फेरीला 'कम्यूट' (कामाची ये-जा) अशी खूण करता येते. तिथे टाकत असाल तर घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय आधी चालू करा. रोज ठरावीक वेळी एकाच दारातून निघणारी रेघ अनोळखी माणसांना दाखवायची गरज नसते. २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावाच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा लोकांनी ओळखल्या होत्या. सैनिकांची ही गत, तर आपल्या सोसायटीचं काय.

वहीत किंवा कॉम्प्युटरच्या स्प्रेडशीटमध्ये पाचच रकाने पुरतात: तारीख, फेरीचं अंतर, मीटरवरची चालण्याची वेळ, दारापासून दारापर्यंतची घड्याळाची वेळ आणि शेरा. चौथा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि खरी माहिती त्यातच असते. मीटर चाक थांबलं की वेळही थांबवतो. समजा अंतर ९.४ किलोमीटर, मीटरची वेळ ३१ मिनिटं, घड्याळाची ४२. मीटर म्हणतो सरासरी १८.२, प्रत्यक्षात पोचण्याचा वेग १३.४. मधली ११ मिनिटं सिग्नल, गेट आणि कुलूप यांची. ती कमी करायची तर जोरात पॅडल मारून उपयोग नाही, रस्ता बदलावा लागतो. दोन रस्ते दोन-दोन आठवडे चालवून घड्याळाच्या रकान्याची तुलना करा. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, असं निघण्याची शक्यता बरीच.

महिन्याची सरासरी काढताना रोजच्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. जाताना ताशी १८ आणि त्याच रस्त्याने येताना वाऱ्याविरुद्ध १२, तर सरासरी १५ नाही, १४.४ येते. अंतराची बेरीज भागिले वेळेची बेरीज, एवढंच सूत्र. शीटमध्ये वेळ तास-मिनिटांत भरली असेल तर ती आत दिवसाच्या अपूर्णांकात साठवलेली असते, म्हणून भागण्याआधी वेळेच्या बेरजेला २४ ने गुणा. नाहीतर वेग चारशेच्या पुढे दिसतो.

शेऱ्यात हवा कधी भरली, चेनला तेल कधी दिलं, ब्रेकचे रबर कधी बदलले ते मीटरच्या एकूण आकड्यासह लिहा. सेल बदलल्यावर मीटर शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे शीटच्या वरच्या ओळीत 'मागील बाकी' ठेवा आणि एकूण त्यात मिळवत जा. चेन किती खेचली गेली ते इंचाच्या टेपने मोजता येतं. चेन ताणून धरा आणि शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर २४ कड्यांनंतरची पिन १२ इंचांवर येते. ती १२ इंच आणि एक सोळांश इंचापर्यंत सरकली की चेन बदलायची. एक अष्टमांश इंच सरकेपर्यंत थांबलात तर चेनबरोबर मागच्या दातेरी चकत्याही बदलाव्या लागतात. हे माप दर ५०० किलोमीटरला घेऊन आकड्यासमोर लिहिलं की पुढची चेन साधारण कोणत्या महिन्यात लागेल ते शीटवरूनच कळतं. पावसाळ्यातले किलोमीटर वेगळ्या रंगात ठेवा, चिखलात चेन लवकर झिजते.